विचारलं की असतं

उदगीरच्या मार्केट यार्डात, काट्याच्या खोलीत,
रात्री सव्वादोनला मी कर्नेलला विचारते:
साऱ्या मशीनात मिळून किती फाईली
एका वेळी उघड्या ठेवू देतोस?
तो एक आकडा सांगतो.
कारण सांगत नाही.

बाहेर तुरीचे ट्रॅक्टर नळेगाव रोडच्या वळणापर्यंत.
काट्याचा प्रोग्राम अर्धी पावती छापून गप्प,
आणि इलाही मापाडी दारात, विडी विझवून:
"मॅडम, काय म्हणायलाय तुमचा कर्नल?"
त्याला वाटतं आत फौजेतला कुणी बसलाय.
मी दुरुस्त करत नाही. फार चूक नाही ते.

नावांचं झाड आहे, इलाहीभाई.
जिल्हा, तालुका, शिवार, गट, तसं उतरत जायचं,
एफएस, त्याच्या पोटात फाईल-मॅक्स.
पूर्वी नुसते नंबर असायचे म्हणे, सर्व्हे नंबरासारखे.
कोणता कशाचा, ते यादी ज्याच्या खिशात त्याला ठाऊक,
आणि दोघांनी एकच धरला की गोंधळ.
आता नावं आहेत. भांडणं मिटली नाहीत,
ऐकू येतात एवढंच.

पोळ्यानंतर हा नवा काटा बसवला,
तेव्हा त्याचं मॉड्यूल आत आलं
आणि एक किलोही मोजण्याआधी
उंबऱ्यावर उभं राहून बोललं:
हे माझं नाव. हा माझा आकडा,
याच्या खाली मागू नका, याच्या वर देऊ नका.
वाचायला कुणीही या, बदलायला फक्त रूट.
कुणी विचारत आलं तर उत्तर द्यायला हा बसलाय,
(एका फंक्शनचा पत्ता)
आणि जाताना माझं नाव मी काढून नेईन.

हे शेवटचं सगळ्यांना जमत नाही.
आमचं लाईटबिल अजून मामंजींच्या नावानं येतं.
नऊ वर्षं झाली.

पण मला यातलं खरं आवडतं ते वेगळंच.
तिथल्या फाईलींची यादी मागितली
तर प्रत्येकीपुढं आकार शून्य.
डिस्कवर अक्षर नाही.
वाचायला हात लावला की आतून कुणीतरी उठतं,
त्या घडीचा आकडा पाटीवर लिहून दाखवतं,
पाटी पुसतं, परत जाऊन बसतं.

माझी आई अशी होती.
तिचे गुडघे कुणी कधी विचारले नाहीत,
म्हणून आमच्या घरात गुडघेदुखी नव्हती.

मी आकडा वाढवते. रूट होऊन, एका ओळीत.
पावतीचा उरलेला अर्धा भाग बाहेर येतो.
"झालं? एवढ्यात?" इलाही जरा नाराजच,
एवढ्या रात्रीच्या खोळंब्याला
याहून मोठं काही तुटलेलं असायला पाहिजे होतं.

पाचला लाईट गेली.
यूपीएसनं अकरा मिनिटं धरलं.
सहाला मशीन उठलं ते जुनाच आकडा घेऊन,
रात्री काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं.
मी नुसतं तोंडी सांगितलं होतं ना.
तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मोईनोद्दीनसाहेब होते,
निजामाच्या काळच्या पहाणीतलं उर्दू
बोट ठेवून वाचून दाखवायचे
आणि दर पानाला एकदा म्हणायचे,
"जबान का क्या है बेटी, लिखको रख."

लिहिलं. इटीसीतल्या फाईलीत एक ओळ,
शेजारी तारीख, आणि का वाढवला तेही,
कारण कर्नेल ते कधीच सांगणार नाही
आणि माझ्यानंतर इथं कोण बसेल कुणास ठाऊक.

इलाही अजून उभाच, दाराला टेकून, एका पायावर भार.
"इलाहीभाई, कंबर कशीय?"
तो मागं वळून बघतो, दुसऱ्या कुणाला विचारलं का म्हणून.
मग आत येतो. पोत्यावर बसतो.
एक आकडा नाही निघत त्याच्यातून,
साल निघतं, पोत्यांची थप्पी निघते,
लातूरचा डॉक्टर, त्याची फी, सगळं कारणासकट.

बाहेर हॉर्न वाजायलेत.
थांबा म्हणावं.